सात नंबरचा माणूस: अँड्र्यू जॉन्सच्या निमित्ताने रग्बी लीगचा हाफबॅक समजून घेताना

रग्बी लीगचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं एकच गोष्ट दिसत राहते. शंभर किलोचा एक गडी बॉल छातीशी धरून धावत येतो, समोरचे दोघे-तिघे त्याला आडवा करतात, तो उठतो, पायाने बॉल मागे सारतो आणि पुढचा शंभर किलोवाला पुन्हा तेच करतो. यात ताकद लागते हे कळतं, पण डोकं कुठे लागतं ते कळत नाही. मग कधीतरी मागे उभा असलेला एक बुटकासा खेळाडू बॉल हातात घेतो, दोन पावलं टाकतो, आणि आतापर्यंत भिंतीसारखी वाटणारी समोरची रांग अचानक उघडी पडते. त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा ७ हा आकडा असतो. तो हाफबॅक.

सिडनीत पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड या पट्ट्यात आज बरीच मराठी घरं आहेत. तिथे ऑफिसात सोमवारी सकाळी चहाबरोबर ‘फुटी’चीच, म्हणजे रग्बी लीगचीच, चर्चा असते. आपण मान हलवतो, हसतो आणि क्रिकेटचा विषय निघायची वाट बघतो. नियम नेटवर वाचता येतात, पण नियम वाचून खेळ कळत नाही. एका हाफबॅकची कारकीर्द नीट पाहिली तर मात्र खेळ बराचसा उलगडतो. त्यासाठी मी अँड्र्यू जॉन्सला निवडलं आहे. तो सर्वांत मोठा हाफबॅक होता का, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद घालता येतो. पण हाफबॅकच्या कामाचे सगळे पैलू एकाच माणसात बघायचे असतील तर त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही.

आधी एक घोळ मिटवू. ‘रग्बी’ नावाचे दोन खेळ आहेत. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण पैशाचं होतं. खाणीत आणि गिरणीत काम करणारे खेळाडू शनिवारी सामना खेळले की त्यांचा रोज बुडायचा, आणि तो भरून द्यायला लंडनकडची साहेब मंडळी तयार नव्हती. फुटून निघालेल्यांचा खेळ पुढे रग्बी लीग झाला. प्रेक्षकांनी तिकीट काढून यावं म्हणून त्यांनी खेळ मोकळा आणि वेगवान केला, पंधराचे तेरा खेळाडू केले, ढिगाऱ्यात बॉलसाठी चालणारी झोंबाझोंबी काढून टाकली. न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स खेळतात ती रग्बी युनियन. सिडनी, ब्रिस्बेन आणि न्यूकॅसलची माणसं ज्यावर जीव टाकतात ती रग्बी लीग. युनियन बघितलेल्यांना इथले आकडे गोंधळात टाकतात, कारण युनियनमध्ये स्क्रम-हाफ ९ नंबर घालतो आणि डाव रचणारा १० नंबर. लीगमध्ये ९ नंबर हूकरचा, ६ नंबर फाइव्ह-एट्थचा (डाव रचण्यातला हाफबॅकचा जोडीदार) आणि ७ हाफबॅकचा. हाफबॅक म्हणजे पुढची धिप्पाड फळी आणि मागची चपळ फळी यांच्या मधला.

सहा टॅकल

लीगचा गाभा एका नियमात आहे. बॉल ज्या संघाकडे आहे त्याला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा पाडलं गेलं की बॉल आहे त्या जागी प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. क्रिकेटवाल्याला हे ओव्हरसारखं वाटेल, आणि तसं वाटून घेतलं तरी चालेल: सहा चेंडू, प्रत्येकाचा हिशेब वेगळा, आणि शेवटच्याचं दडपण सगळ्यांत जास्त. ऑस्ट्रेलियात हा आकडा आधी चार होता, १९७१ पासून सहा झाला.

प्रत्येक टॅकलनंतर पडलेला खेळाडू उठून पायाने बॉल मागे ढकलतो. मागे वाकून बॉल उचलणाऱ्याला डमी-हाफ म्हणतात, आणि हे काम सहसा हूकर करतो. तेवढ्यात बचाव करणाऱ्या संघाने दहा मीटर मागे सरकायचं असतं. मैदान लांबीला शंभर मीटर आणि रुंदीला साधारण अडुसष्ट. स्वतःच्या वीस मीटरच्या रेषेपासून निघालेला संघ पाच धडकांमध्ये कसाबसा मैदानाच्या मध्यापर्यंत पोहोचतो. पाचवा टॅकल झाला की पंच हात वर करून खूण करतो. आता एकच संधी उरली. या टप्प्यावर बहुतेक वेळा बॉलला लाथ मारून तो जमेल तेवढा लांब, प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात पाठवायचा, म्हणजे त्यांना त्यांच्या दारातून सुरुवात करावी लागेल. मग ते पाच धडका मारणार आणि बॉल परत पाठवणार. सामन्याचा मोठा भाग या जागेच्या देवाणघेवाणीत जातो. समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण. त्यानंतरची किक, म्हणजे कन्व्हर्जन, बसली तर आणखी दोन. खेळ चालू असताना बॉल जमिनीवर टप्पा देऊन खांबांच्या मधून मारला तर सहसा एक गुण, त्याला फील्ड गोल म्हणतात. बरोबरीत अडकलेला सामना बऱ्याचदा याच एका गुणावर सुटतो.

आता हाफबॅकचं कोडं. बचाव करणाऱ्या तेरा जणांपैकी फुलबॅक मागे असतो, म्हणजे अडुसष्ट मीटरच्या रुंदीत बारा जण उभे. प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच-सहा मीटर. ही रांग फोडणं कठीण. पण शेवटच्या टॅकलला किक येणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दोन्ही कडांचे विंगर आधीच मागे जातात. रांगेत उरतात दहा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतात जवळपास सात मीटर. म्हणजे ज्या क्षणी सगळे किकची वाट बघत असतात, नेमक्या त्याच क्षणी रांग सर्वांत विरळ असते. किक न मारता धावलं किंवा पास दिला तर फायदा. पण तो डाव फसला तर बॉल भलत्या जागी प्रतिस्पर्ध्याला आंदण. विंगर मागे गेलेच नाहीत तर कोपरा रिकामा, मग किक मारायची. हाफबॅकला हे सगळं बॉल हातात यायच्या आधी बघून ठेवायचं असतं, कारण बॉल आल्यानंतर त्याच्याकडे एक-दीड सेकंद असतो आणि समोरून तीन माणसं त्याला गाडायला निघालेली असतात.

म्हणून चांगल्या हाफबॅकची खरी करामत टीव्हीवर दिसत नाही. बॉल मैदानाच्या डाव्या बाजूला असताना तो उजवीकडे उभा राहून हातवारे करत असतो, ‘दोन टॅकलनंतर इकडे या’ असं ओरडत असतो. कॅमेरा बॉलच्या मागे असतो.

सेसनॉकचा पोरगा

अँड्र्यू जॉन्सचा जन्म १९७४ चा. सिडनीच्या उत्तरेला हंटर खोऱ्यात सेसनॉक नावाचं कोळसाखाणींचं गाव आहे, तिथे तो वाढला. थोरला भाऊ मॅथ्यू पुढे अँड्र्यूच्याच संघातून खेळायचा, तो फाइव्ह-एट्थ आणि अँड्र्यू हाफबॅक. खोऱ्याचं मोठं शहर न्यूकॅसल. जगातल्या मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक, आणि तेव्हा पोलादाचं शहर. न्यूकॅसल नाइट्स हा संघ सिडनीच्या स्पर्धेत १९८८ मध्ये आला, पुढच्याच वर्षी २८ डिसेंबरला शहरात भूकंप होऊन १३ माणसं गेली. या संघावर शहराचं प्रेम का, हे सांगायला वेगळा लेख लागेल. जॉन्स १९९३ मध्ये या संघातून मोठ्या सामन्यांत उतरला आणि २००७ पर्यंत तिथेच राहिला. मधे २००५ मध्ये इंग्लंडच्या वॉरिंग्टनकडून तीन सामने खेळून आला, एवढाच अपवाद.

त्याच्याकडे नक्की काय होतं? वेगात तो कधी पहिला नव्हता. उंची बेताची. पण डावी-उजवी दोन्हीकडे तो सारखाच लांब आणि नेमका पास द्यायचा, त्यामुळे तो कोणत्या बाजूला खेळणार हे त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं नाही. किक तर त्याच्याकडे नाना तऱ्हेच्या होत्या. आकाशात उंच जाऊन खाली येताना हेलकावे खाणारा ‘बॉम्ब’, ज्याच्याखाली उभ्या असलेल्या फुलबॅकची फजिती ठरलेली. जमिनीलगत सरपटत जाऊन गोलरेषेजवळ मरगळणारा ‘ग्रबर’. आणि त्याच्या नावाशी कायमची चिकटलेली ‘बनाना किक’, म्हणजे बुटाच्या कडेने अशी कापून मारायची की बॉल एका दिशेला निघून टप्पा पडला की भलत्याच दिशेला वळतो. ही किक त्याने शोधली असं म्हणणं धाडसाचं होईल. पण आज सिडनीतल्या कुठल्याही मैदानावर दहा वर्षांचं पोर ती मारायला बघतं, ते त्याच्यामुळे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे क्लिपा बघणाऱ्यांचं लक्ष जात नाही. हाफबॅक संघात अंगाने लहान, म्हणून समोरचे मुद्दाम त्याच्या अंगावर आपला सर्वांत मोठा गडी सोडतात. टॅकल करून करून तो दमला की त्याचं डोकं चालेनासं होतं, हा हिशेब. बरेच हाफबॅक बचावात कुठेतरी कडेला लपवून ठेवावे लागतात. जॉन्सला लपवायची गरज पडली नाही. तो स्वतः पुढे जाऊन फॉरवर्डच्या, म्हणजे पुढच्या धिप्पाड फळीतल्या गड्याच्या, बरगडीत शिरायचा. मला विचाराल तर त्याला इतरांपासून वेगळा काढणारा गुण हाच, किका नंतर.

१९९५ च्या विश्वचषकात एक योगायोग झाला. ऑस्ट्रेलियातला खेळ तेव्हा दुभंगत होता. रुपर्ट मरडॉकच्या न्यूज कंपनीने ‘सुपर लीग’ नावाची समांतर स्पर्धा काढायचा घाट घातला होता आणि तिकडे सही केलेल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघात घेतलं नाही. उरलेल्यांतून संघ बांधताना एकवीस वर्षांच्या जॉन्सला हूकर म्हणून उभं केलं. पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, त्याने एकट्याने ३० गुण केले. अंतिम सामन्यात वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला १६–८ हरवलं आणि सामनावीर जॉन्सच ठरला. हूकर म्हणजे डमी-हाफला वाकून बॉल उचलणारा, हे लक्षात ठेवा. दोन वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

२८ सप्टेंबर १९९७

एप्रिल १९९७ मध्ये बीएचपी कंपनीने जाहीर केलं की न्यूकॅसलचा पोलाद कारखाना बंद होणार. १९१५ पासून धडधडणारा कारखाना, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगलेली घरं. गिरणगावाचं काय झालं हे ज्यांनी परळ-लालबागला बघितलं, त्यांना त्या बातमीने शहराला काय झालं असेल ते सांगायला नको. त्याच मोसमात नाइट्स पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचले. समोर मॅनली, सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यावरचा श्रीमंत आणि गेल्या वर्षीचा विजेता संघ. कोणी न्यूकॅसलवर पैसे लावत नव्हतं. जॉन्स त्या सामन्यात उतरला तेव्हा त्याच्या बरगड्या दुखावलेल्या होत्या आणि आधीच्या एका सामन्यात फुफ्फुसाला छिद्र पडलं होतं. खेळू नये, असाच वैद्यकीय सल्ला होता.

मध्यंतराला मॅनली पुढे होतं. नंतर फुलबॅक रॉबी ओ’डेव्हिसच्या दुसऱ्या ट्रायने आणि जॉन्सच्या किकने १६–१६ अशी बरोबरी झाली. शेवटचं मिनिट. आता वरचं सगळं गणित आठवा. बरोबरी, काही सेकंद उरलेले, बॉल मॅनलीच्या हद्दीत. अशा वेळी पुस्तकातलं उत्तर एकच: बॉल मागे उभ्या हाफबॅककडे द्या, त्याने फील्ड गोल मारावा, एका गुणाने जिंका. न्यूकॅसलचा तसा प्रयत्न त्याआधी फसलाही होता. त्यामुळे मॅनलीचं सगळं लक्ष मैदानाच्या मध्याकडे, किक मारणाऱ्याच्या पायाकडे. त्यांचे वेगवान गडी तिकडे झेप घ्यायला टपलेले.

जॉन्स किक मारायच्या जागी नव्हताच. तो डमी-हाफला आला, हूकरच्या जागी. टॅकल कडेच्या जवळ झाला होता, म्हणजे एका बाजूला सगळं मैदान मोकळं आणि दुसऱ्या बाजूला टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत, जेमतेम काही मीटरची चिंचोळी पट्टी. या बाजूला ‘ब्लाइंड साइड’ म्हणतात. जागा इतकी कमी की तिकडे सहसा कोणी जात नाही, म्हणून बचावही तिकडे पातळ ठेवलेला. जॉन्सने बॉल उचलला आणि त्या पट्टीत घुसला. त्याला अडवायला मॅनलीचा बचाव त्याच्याकडे ओढला गेला, त्याने आतल्या बाजूला विंगर डॅरेन अल्बर्टला छोटासा पास दिला, आणि अल्बर्ट त्या फटीतून सुसाट निघून खांबांच्या बाजूला पडला. भोंगा व्हायला सहा-सात सेकंद उरले होते. कन्व्हर्जन धरून २२–१६.

हा डाव नशिबाचा वाटतो. मला तसं वाटत नाही. तीन गोष्टी त्याला माहीत होत्या: सगळे कुठे बघत आहेत, त्यामुळे कुठे कोणी नाही, आणि डमी-हाफची जागा त्याच्या सरावाची आहे. पास चुकला असता तर? सामना जादा वेळेत गेला असता, एवढंच. फील्ड गोलची किक अडवली गेली असती तरी तेच झालं असतं. म्हणजे ज्याला वेडं धाडस म्हटलं गेलं, त्यात धोका पुस्तकातल्या उत्तराइतकाच होता आणि मिळकत सहापट. एवढा हिशेब थकव्याच्या त्या टोकाला, दुखऱ्या बरगड्यांनी, अंगावर येणाऱ्या माणसांसमोर त्याने केला. बहुधा ‘हिशेब’ म्हणून केलाही नसेल. हजारदा केलेली गोष्ट हातात असते, डोक्याला विचारावं लागत नाही.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियात दोन स्पर्धा समांतर चालल्या होत्या, सुपर लीगची वेगळी ट्रॉफी ब्रिस्बेनने नेली. त्यामुळे काही जण अजून म्हणतात की नाइट्सचं ते विजेतेपद अर्धं. न्यूकॅसलमध्ये हे मोठ्याने बोलू नये. कारखाना ठरल्याप्रमाणे ३० सप्टेंबर १९९९ ला बंद झाला.

चाळीस मिनिटांची शिकवणी

दोन स्पर्धा १९९८ मध्ये एक होऊन आजची एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) झाली, आणि पुढची चार-पाच वर्षं जॉन्सची होती. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं डॅली एम पदक त्याला १९९८, १९९९ आणि २००२ असं तीनदा मिळालं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बूट १९९९ आणि २००१ मध्ये.

२००१ चा अंतिम सामना मात्र सविस्तर सांगायला हवा. समोर पॅरामॅटा ईल्स. त्या मोसमात त्यांनी ८३९ गुण कुटले होते, गुणतक्त्यात पहिले. अंतिम सामना पहिल्यांदाच रात्री होणार होता. मॅथ्यू तोवर इंग्लंडला गेला होता, त्यामुळे भावाचा आधार नाही. कर्णधार अँड्र्यूच, प्रशिक्षक मायकेल हेगनचं पहिलंच वर्ष. मध्यंतराचा स्कोअर होता २४–०, न्यूकॅसलच्या बाजूने.

पॅरामॅटाकडे तोडीचे गडी नव्हते असं अजिबात नाही. पण पहिल्या चाळीस मिनिटांत त्यांना खेळच सुरू करता आला नाही. दर वेळी बॉल त्यांच्या हाती आला तो त्यांच्याच गोलरेषेच्या आसपास, कोपऱ्यात, मागे वळून धावत जाऊन उचलावा लागला असा. मग पाच धडका मारून ते स्वतःच्या अर्ध्यातून बाहेर पडेपर्यंत दमायचे, घाईची किक मारायचे, आणि जॉन्सकडे बॉल चांगल्या जागी परत यायचा. पुढून बेन केनेडीसारखा गडी धडका देत होता, मधून हूकर डॅनी बुडेरस, आणि बचाव करून थकलेल्या रांगेसमोर जॉन्स कधी पास तर कधी किक. जागेची देवाणघेवाण एकतर्फी झाली की काय होतं, हे या अर्ध्या सामन्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही. दुसऱ्या अर्धात पॅरामॅटाने चांगलीच झुंज दिली आणि शेवट ३०–२४ असा झाला. अंतिम सामन्याच्या वीराला मिळणारं क्लाइव्ह चर्चिल पदक जॉन्सला मिळालं. आणि हो, हॅरिस पार्कच्या वाचकांनी शेजाऱ्याशी या सामन्याचा विषय काढताना जपून काढावा. पॅरामॅटाने शेवटचं विजेतेपद १९८६ ला घेतलं आहे.

मोडतोड आणि २००५

यानंतरच्या वर्षांत त्याचं शरीर हप्त्याहप्त्याने बिल वसूल करत गेलं. २००२ च्या शेवटी पाठीचं हाड, मग मान, २००४ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि जवळपास सगळा मोसम बाहेर, २००५ मध्ये जबडा. २००५ साली नाइट्स पहिले सलग १३ सामने हरले, उरलेल्या ११ पैकी ८ जिंकले आणि तरीही तळाला राहिले. या उलथापालथीचं सगळं श्रेय त्याच्या परतण्याला देणं इतरांवर अन्याय होईल. पण त्या संघात तो असणं आणि नसणं यात काय फरक होता ते या आकड्यांतून बरंच कळतं.

त्याच वर्षीचं स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, वर्षात तीन सामने. इथे तुम्ही कोणत्या क्लबसाठी खेळता याला अर्थ नाही, पोरगा मूळचा कुठला यावर बाजू ठरते. दर्जाने हे सामने आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा वरचे मानतात. पहिला सामना न्यू साउथ वेल्स जादा वेळेत हरलं, तेही स्वतःचा पास क्वीन्सलँडच्या मॅट बोवेनने मधेच पकडल्यामुळे. दुसऱ्यासाठी जॉन्सला बोलावलं. जबड्यातून नुकताच बरा झालेला, एकतीस वर्षांचा, सामन्यांचा सराव जवळजवळ नाही. न्यू साउथ वेल्सने तो सामना ३२–२२ आणि ब्रिस्बेनचा तिसरा ३२–१० असा जिंकला. दोन्ही सामन्यांत चेंडू कुठल्या भागात खेळला जाणार हे एकच माणूस ठरवत होता.

समोरच्या संघात सात नंबर घालून एक बावीस वर्षांचा पोरगा त्या मालिकेत पदार्पण करत होता: जोनाथन थर्स्टन. तिथून तो ओरिजिनचे सलग ३६ सामने खेळला, आणि २००६ ते २०१३ अशा ओळीने आठ मालिका क्वीन्सलँडने घेतल्या. न्यू साउथ वेल्सला पुढची मालिका २०१४ मध्ये मिळाली. मधल्या काळात त्यांनी सात नंबरवर किती जणांना आजमावलं त्याची यादी सिडनीकर अजूनही वैतागून म्हणून दाखवतात.

मैदानाबाहेर

२००७ च्या जानेवारीत जॉन्स न्यू साउथ वेल्सकडून चक्क ट्वेंटी-२० क्रिकेट खेळला. गर्दी खेचण्याचा तो प्रयोग होता, फार लांबला नाही. एप्रिलमध्ये सरावात धक्का लागून मान तपासली तर चकती सरकलेली निघाली. आणखी एक वेडावाकडा मार बसला तर काय होईल याची खात्री देता येत नव्हती. तो थांबला. नाइट्ससाठी २४९ सामने आणि २,१७६ गुण.

ऑगस्टमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत त्याच्याकडे एक्स्टसीची गोळी सापडली. पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं. मायदेशी येऊन त्याने टीव्हीवर सांगून टाकलं की कारकीर्दीत आपण अमली पदार्थ घेत होतो, आणि आपल्याला बायपोलर आजार आहे. बायपोलर म्हणजे मनाची अवस्था दोन टोकांना जाणं, काही काळ अंगात न मावणारा उत्साह आणि काही काळ खोल उदासी. हा मेंदूशी निगडित आजार आहे, औषधोपचाराने आटोक्यात ठेवता येतो. त्या मुलाखतीवर दोन्ही बाजूंनी तुटून पडणारे होते. काहींना ती सबब वाटली. धिप्पाड पुरुषांच्या खेळात कोणी आपल्या मनाच्या आजाराबद्दल तोंड उघडत नव्हतं, म्हणून काहींना ती मोठी गोष्ट वाटली. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: आजार खरा, आणि केलेल्याची जबाबदारीही त्याचीच.

२०१० चं प्रकरण मात्र आजाराच्या खात्यात टाकता येत नाही. न्यू साउथ वेल्सच्या छावणीत सहायक म्हणून असताना त्याने क्वीन्सलँडचा आदिवासी वंशाचा खेळाडू ग्रेग इंग्लिसबद्दल वर्णद्वेषी शब्द वापरला. टिमाना टाहू हा स्वतः आदिवासी वंशाचा, २००१ च्या विजेत्या संघातला जॉन्सचा सहकारी. तो छावणी सोडून निघून गेला आणि ओरिजिनच्या सामन्यावर पाणी सोडलं. जॉन्सने माफी मागितली आणि पद सोडलं.

२०१२ मध्ये त्याला ‘इम्मॉर्टल’ घोषित केलं तेव्हा हे सगळं पुन्हा निघालं. ही उपाधी १९८१ मध्ये एका रग्बी साप्ताहिकाने सुरू केली. सुरुवातीला चार नावं, मग दोन, मग एक, जॉन्स आठवा. निकष फक्त मैदानावरच्या खेळाचा, आणि त्या निकषावर त्याचं नाव वगळणं अवघड होतं. त्याआधी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शतकातल्या सर्वोत्तम संघात हाफबॅक म्हणून त्यालाच निवडलं होतं. पुढे त्याला अपस्माराचं निदान झालं. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांचा त्यात वाटा असू शकतो, असं त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. बचावात पुढे जाऊन फॉरवर्डच्या बरगडीत शिरण्याचं मी वर कौतुक केलं. त्या कौतुकाला ही बाजूही आहे.

निवृत्तीनंतर तो समालोचन करतो, आणि वेगवेगळ्या क्लबांनी आपल्या तरुण हाफबॅकांना शिकवायला त्याला बोलावलं आहे.

बघायला सुरुवात करायची असेल तर २००१ च्या अंतिम सामन्याचा पहिला अर्ध घ्या, नेटवर मिळतो. पाचव्या टॅकलला पंचाचा हात वर गेला की व्हिडिओ थांबवा, पॅरामॅटाचे दोन विंगर आणि फुलबॅक कुठे उभे आहेत ते बघा, आणि तुम्ही असता तर बॉल कुठे टाकला असता ते ठरवा. मग पुढे चालू करा. पहिल्या दोन-तीन वेळा तुमचं उत्तर चुकेल.